कच्चं मडकं, पक्कं मडकं

तेरच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला आलेली बाई आधी भाव विचारत नाही. ती खाली बसते, माठ डाव्या हातावर तोलते आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्यावर मारते. ठण्ण वाजला तर भावाची बोलणी सुरू; बद्द वाजला तर माठ जागेवर. "अवो मावशी, नक्षी तरी बघा की," असं कुंभारानं कितीही म्हणावं, मावशीचा कान काही फिरत नाही. नक्षी पाहुण्यांना दाखवायला असते, पाणी आवाजावर थंड होतं.

तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं, गोरा कुंभारांचं गाव. धाराशिवहून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, तेरणेच्या काठी. प्राचीन काळी हेच तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. इथं सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीचं पाँपेईच्या बाहुलीशी असलेलं साम्य अभ्यासक आजही सांगतात. पण आम्हा जिल्हावाल्यांना तेर आठवतं ते एका गोष्टीसाठी. संतमेळा गोरोबांच्या घरी जमला होता. कोपऱ्यातलं थापटणं बघून मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं उत्तर आलं. मग आमचीही मडकी बघा, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, एकटे नामदेव कुरकुरले. निकाल लागला: एवढंच मडकं कच्चं.

मी समीक्षक नाही. चाळीसेक वर्षं तंबूत, चौकात, शेजाऱ्याच्या ओसरीवर आणि आता तळहातावर जे दिसलं ते बघितलेला, जे वाजलं ते ऐकलेला या जिल्ह्यातला एक प्रेक्षक आहे. पण थापटण्याची सवय आमच्या पाण्यातच आहे. सिनेमा सुटला की आमच्याकडं 'कसा होता' असं कुणी विचारत नाही, 'जमलाय का?' असं विचारतात. तेव्हा हा लेख म्हणजे चार-सहा मडक्यांवर मारलेली थाप आहे. आवाज माझ्या कानाला जसा आला तसा सांगतो. तुमचा कान वेगळा असेल तर भांडायला दिवाळीचे चार दिवस मोकळे आहेतच.

कानडी बोलणारे गोरोबाकाका

सुरुवात घरच्या मडक्यापासून. गोरोबांवर मराठीत सिनेमा झाला, नाटक झालं. अशोकजी परांजपे यांच्या 'गोरा कुंभार' नाटकाला जितेंद्र अभिषेकींचं संगीत होतं. पण माझ्या मनात बसलेले गोरोबा मराठी बोलतच नाहीत, ते कानडी बोलतात. १९७४ साली हुणसूर कृष्णमूर्ती यांनी कन्नडमध्ये 'भक्त कुंबार' केला, गोरोबा झाले डॉ. राजकुमार. तीन वर्षांनी तेलुगूत 'चक्रधारी' आला, त्यात अक्किनेनी नागेश्वर राव. त्याच्याही कितीतरी आधी, १९४८ साली, मद्रासच्या जेमिनीनं तमिळमध्ये 'चक्रधारी' काढला होता, त्यात चित्तूर नागय्या. म्हणजे तेरचा कुंभार दक्षिणेतल्या तीन भाषांत चाकावर बसलाय आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नाही.

'भक्त कुंबार' मी मोठ्या मामीबरोबर बघितला. मामी आळंदकडची, माहेरची भाषा कन्नड. उमरगा तालुक्यात अशा मामी घरोघर सापडतात. लग्नात अक्षता मराठीत पडतात आणि रुसवेफुगवे कानडीत होतात. मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि ती एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. गोरोबांच्या कुठल्याही सिनेमाची खरी परीक्षा एकाच प्रसंगात असते. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन ते चिखल तुडवतायत आणि रांगत आलेलं पोर त्या चिखलात सापडतं. तिथं दिग्दर्शक घाबरला तर भक्तिपट होतो, नुसता रडला तर मेलोड्रामा होतो. मामीनं त्या प्रसंगाला भाषांतर थांबवलं. मीही सांग म्हटलं नाही. राजकुमारांच्या तल्लीन चेहऱ्याकडं बघताना आधी आनंद दिसला आणि त्या आनंदाचीच भीती वाटायला लागली. भक्तीची किंमत एवढी असते, हे इतकं थेट मला कुठल्या कीर्तनातही जाणवलं नव्हतं. पुढं पी. बी. श्रीनिवास यांच्या आवाजात देहाच्या नश्वरतेवरचं गाणं आहे. कर्नाटकात ते आजही म्हातारी माणसं गुणगुणतात.

"तुमचा गोरोबा कानडी कधी शिकला?" मी मामीला चिडवलं.

"विठ्ठल शिकला की रे, मग कुंभाराला काय झालं?" मामीनं पदरानं डोळे पुसत उत्तर दिलं. विठ्ठलाला तर ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हणून ठेवलंय, त्यामुळं मला बोलायला जागाच राहिली नाही.

माझा निकाल: पक्कं. संतपटांच्या रांगेत प्रभातच्या 'संत तुकाराम'च्या (१९३६) शेजारी मी हे मडकं ठेवीन. 'तुकाराम' पक्का आहे तो विष्णुपंत पागनीसांच्या शांत चेहऱ्यामुळं, हे सगळेच सांगतात. माझ्या मते तो पक्का झाला गौरीबाईंच्या जिजाईमुळं. पोर आजारी पडल्यावर देवाला मारायला पायताण घेऊन देवळात शिरणारी बायको ज्या सिनेमात आहे, तिथला संत आपोआप खरा वाटतो. संताला भाजून काढायला घरचीच आच लागते. पुढच्या बऱ्याच संतपटांनी जिजाईला नुसती कजाग केली आणि तुकोबांना नुसतं गोड केलं, तिथं ती मडकी कच्ची राहिली.

तंबूतला न्याय

येरमाळ्याची येडेश्वरीची जत्रा चैत्री पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी हजारो माणसं रानात चुन्याचे खडे वेचायला वाकतात. लहानपणी आम्ही दिवसा खडे वेचायचो आणि रात्री तंबू शोधायचो. तंबू म्हणजे फिरती टॉकीज. ट्रकवरून मशीन यायचं, कापडाच्या भिंती उभ्या राहायच्या, कर्ण्यातून नटाच्या आवाजाची नक्कल करत जाहिरात चालायची. आत खुर्च्या नाहीत, जमीन. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. रीळ बदलताना अंधार व्हायचा, तेवढ्यात शेंगा फोडायचा आवाज यायचा. रीळ तुटलं की शिट्ट्या, आणि मशीनवाल्याच्या घराण्याचा उद्धार.

त्या प्रेक्षकाला फसवणं सोपं नव्हतं. तिकीट काढून आत आलेला माणूस सिनेमा बद्द वाजला की सरळ उठून बाहेर यायचा, कारण बाहेर पाळणा होता, मौत का कुआँ होता, जिलेबी होती. शहरातल्या थिएटरात माणूस पैसे वाया जाऊ नयेत म्हणून शेवटपर्यंत बसतो. तंबूत सिनेमाला दर दहा मिनिटांनी जत्रेशी कुस्ती खेळावी लागायची.

या कुस्तीत कधी चितपट झाले नाहीत ते दादा कोंडके. त्यांचा 'सोंगाड्या' १९७१चा. कथा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. सोंगाड्या म्हणजे तमाशात राजाचीही टर उडवायचा परवाना असलेला माणूस. दादांनी त्या परवान्याला अर्धी चड्डी घातली, नाडी लोंबती सोडली आणि त्याला पडद्यावर आणलं. लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव आणि गिनेस बुकात नाव, एवढा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. मला विचाराल तर सुरुवातीचे दादा ठणठणीत पक्के. त्यांचा बावळट माणूस खरा बावळट असायचा, आणि शहाण्यांच्या जगाची पोल तोच खोलायचा. पुढं द्व्यर्थी विनोद हा मसाला न राहता जेवणच झालं. हिंदीत गेल्यावर तर ताटात दुसरं काही उरलंच नाही. ती मडकी माझ्या लेखी कच्ची. तंबूतले बाप्ये तेव्हाही हसायचे, पण बायकांचं अंग मुकं झालेलं असायचं. सिनेमाचा निकाल त्या अंगाकडून ऐकावा, असं मी तिथं शिकलो.

त्या अंगानं एकमुखानं दिलेला निकाल म्हणजे १९९१चा 'माहेरची साडी'. विजय कोंडके दिग्दर्शक, अलका कुबल नायिका. मूळ गोष्ट 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमाची. पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्याला रडका म्हणून नाक मुरडलं. मीही कॉलेजच्या शहाणपणात तेच म्हणत होतो. आजी म्हणाली, "तुला काय कळायलंय? पोरीला वागवताना घरच्यांनी काय केलं ते समद्यांच्या देखत मोजलं त्या शिनेमानं." तिचा मुद्दा मला फार उशिरा समजला. आजीच्या पिढीचा छळ चार भिंतींत झाला, त्याला साक्षीदार नव्हता. इथं तीनशे बायका एका तंबूत साक्षीदार म्हणून बसल्या होत्या. कला म्हणून हे मडकं ओबडधोबड आहे, कडा वाकड्या आहेत, पण पाणी गळत नाही. आजीचा निकाल मी कायम करतो.

हे तंबू आता जवळजवळ उठले. प्रिंट जाऊन डिजिटल प्रोजेक्शन आलं आणि जुनी मशिनं भंगारात निघाली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या जत्रेतला अंधार पार फ्रान्सपर्यंत पोचला, तोवर जत्रेत तंबूच्या जागी मोबाइल कव्हरची दुकानं लागली होती.

पळून जायचं तर हैदराबादला

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला. शंभर कोटींचा गल्ला, झिंगाट, आर्चीचं ट्रॅक्टर, हे सगळं लिहून झालंय. मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. सिनेमा घडतो ते करमाळा सोलापूर जिल्ह्यात, पण आमच्या परंड्याला लागून. परंड्याच्या माणसाला परशा-आर्ची या प्रेमी जोडीची बोली ऐकताना कान टवकारावे लागले नाहीत. ती त्याच्या बांधापलीकडची होती. आणि मध्यंतरानंतर ती दोघं हैदराबादला पोचतात, तेव्हा पुण्यातला माझा एक मित्र म्हणाला, "हैदराबादच का? मुंबई का नाही?" धाराशिवात हा प्रश्न कुणालाच पडला नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. जिल्ह्याचं जुनं नावच मीर उस्मान अली खानावरून पडलेलं. आजोबांच्या पेटीत जमिनीचे उर्दू कागद, बोलण्यात 'दवाखाना' आणि 'तहसील' आणि 'बेजार'. आमच्याकडं माणूस घरातून रुसून निघाला की त्याचे पाय सोलापूरमार्गे हैदराबादकडंच वळायचे. पळून जायला असं शहर लागतं जिथली भाषा परकी आणि वारा ओळखीचा. नागराज मंजुळेंनी ते बरोबर हेरलं.

म्हणून 'सैराट'चा दुसरा भाग लांबला म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. डोशाच्या गाडीवरचं काम, झोपडपट्टीतलं भांडण, हळूहळू जमलेला संसार: हाच भाग भट्टीतला आहे. पहिला भाग चाकावरचा, गरगरीत आणि देखणा. हिंदीतल्या 'धडक'नं (२०१८) चाक तेवढं उचललं आणि जातीची आच मंद केली. वाजवून बघा, बद्द. कन्नडमधल्या 'मनसु मल्लिगे'त (२०१७) रिंकू राजगुरूच होती, म्हणून उमरग्याच्या सीमेवर काहींनी आर्ची दोन भाषांत बघितली. पण आर्चीचा तोरा तिच्या बोलीत होता; भाषा बदलल्यावर नटी तीच राहून मडकं बदललं.

बोलीवरून आणखी एक. बार्शीच्या अमर देवकरांचा 'म्होरक्या' किती जणांनी बघितला? शाळेच्या परेडचा म्होरक्या व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मेंढपाळ पोराची ही गोष्ट, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरली. बार्शी आमची बाजारपेठ. 'म्होरक्या'तली पोरं अभिनय करतायत असं वाटतच नाही, ती मधल्या सुट्टीत कॅमेऱ्यासमोर सापडल्यासारखी वाटतात. पक्कं मडकं, बाजारात मागं राहिलं एवढंच.

संबळ आणि सबवूफर

तुळजापूरच्या आसपास वाढलेल्या माणसाचा कान संबळावर घडतो. दोन जोडलेली वाद्यं, एक मोठं एक लहान, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची. शेजारी तुणतुणं आणि झांज, समोर पेटती दिवटी. गोंधळी रात्रभर आख्यान लावतो. आराध्यांचा मेळा निराळा: गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि देवीशी चक्क घरच्यासारखं बोलणारी गाणी. तिला माहेरी बोलावणारी, तिच्यावर रुसणारी, साडीचोळीची चौकशी करणारी. आराधी गाणं ऐकताना देवी सिंहावर बसलेली वाटत नाही, जात्यावर बसलेली वाटते.

या कानानं सिनेमातली देवीची गाणी ऐकली की फरक लगेच कळतो. 'जोगवा' (२००९) घ्या. राजीव पाटील यांचा हा सिनेमा राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर उभा आहे. मुलूख यल्लम्माचा, आमच्या भवानीचा नाही. तरी अजय-अतुल यांचं त्यातलं 'लल्लाटी भंडार' लागलं की तुळजापूरच्या पायऱ्यांवरचा माणूसही थबकतो. या सिनेमानं संगीताचा, गायक-गायिकेचा आणि उपेंद्र लिमये यांच्या अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. माझ्या कानाला त्याचं पक्केपण असं वाटतं: गाण्यात वाद्यमेळ मोठा असूनही गळा जोगत्याचाच राहिलाय, त्याच्या गळ्यातली धूळ पुसलेली नाही. त्याआधी 'अगं बाई अरेच्चा!'मधल्या (२००४) 'मल्हारवारी'नं जागरण-गोंधळाला लग्नाच्या हॉलात नेलं. तेही पक्कंच, फक्त ते दिवसाच्या उजेडातलं आणि 'जोगवा' रात्रीचा.

आता नवरात्रात आराधी गाणी डीजेवर लागतात. कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं चालत येतात, 'आई राजा उदो उदो'च्या गजरात. आणि वाटेत एखाद्या टेम्पोवरून तीच गाणी छातीत धप्पधप्प बसतात. मला चाल बदलल्याचा राग नाही. गोंधळी रात्री जागवायचा, डीजेही जागवतो. पण गोंधळ्याच्या आख्यानात मधे थांबा असतो, दिवटीत तेल घालायला, एखादी कोटी करायला. डीजेला थांबा माहीत नाही. श्वास नसलेलं गाणं कितीही मोठ्यानं वाजवा, बद्दच वाजतं.

धाराशिव शहरात ख्वाजा शमसोद्दीन गाझींचा उरूस भरतो, तिथं कव्वाली चालते. एप्रिलमध्ये चौकाचौकात भीमगीतं. आमच्या लहानपणी कॅसेटच्या दुकानात हे सगळं एकाच फळीवर असायचं. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी, त्यांचीच भीमगीतं, त्यांच्याच कव्वाल्या. शेजारी त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे आणि त्यांचं ते पोपटाचं गाणं. एकच गळा तिन्ही गल्ल्यांत सारख्याच हक्कानं फिरायचा. महाराष्ट्राच्या गळ्यांची यादी करताना अभ्यासक शिंदे घराण्याला शेवटच्या परिच्छेदात टाकतात. माझ्या यादीत ते पहिल्या तिनांत आहेत आणि इतर दोन कोण हे मी अजून ठरवतोय.

तीन वेताळ

आमच्या पोरवयात तीन वेताळ होते. पहिला गावाबाहेरचा, शेंदूर फासलेला दगड; अमावास्येला त्याची पालखी निघते असं म्हणायचे, म्हणून तिकडून संध्याकाळी जायचं नाही. दुसरा 'चांदोबा'तला, राजा विक्रमाच्या खांद्यावर प्रेतात शिरून गोष्ट सांगणारा. तिसरा इंद्रजाल कॉमिक्समधला, जांभळ्या कपड्यांचा, कवटीच्या गुहेत राहणारा. ली फॉकनं १९३६ साली जन्माला घातलेल्या फँटमला मराठी अनुवादकानं बेधडक वेताळ करून टाकलं होतं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दुसरा आणि तिसरा दोरीला शेजारीशेजारी लटकायचे. उधारीवर वाचू देणारा स्टॉलवाला हा आमचा पहिला ग्रंथपाल.

तेव्हा मी जांभळ्या वेताळाचा भक्त होतो. आज थाप मारतो तेव्हा तो बद्द वाजतो. जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण करायला पिढ्यान्पिढ्या गोराच माणूस का लागतो, हे तेव्हा सुचलं नव्हतं. त्याचा देशही इंद्रजालमध्ये 'बंगाला'चा 'डेंकाली' झालेला, म्हणजे पत्ताही दुसऱ्याचा. 'चांदोबा'तला वेताळ मात्र अजून टिकून आहे. शंकर यांनी काढलेलं ते चित्र डोळे मिटून आठवा: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं झाड. त्या गोष्टींची अट फार हुशार होती: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. मत द्यायची जोखीम मी तिथं शिकलो. १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेला हा 'चंदामामा' मराठीत 'चांदोबा' होऊन आला, २०१३च्या सुमाराला बंद पडला. पक्कं मडकं होतं, विहीरच आटली.

देवी झोपते तेव्हा

छोट्या पडद्यावर आमच्या जिल्ह्याची दैवतं थाटात आली. झी मराठीवर 'जय मल्हार' २०१४ ते २०१७ चालली, देवदत्त नागे घराघरातला खंडोबा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ला, घटस्थापनेच्या दिवशी, कलर्स मराठीवर 'आई तुळजाभवानी' सुरू झाली. दोन्ही मालिका कोठारे व्हिजनच्या. माझी बहीण दिवेलागणीला उदबत्ती टीव्हीकडं फिरवते, तिच्या श्रद्धेवर मी थाप मारणार नाही. मडक्यावर मारतो.

अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. बाणाईशी त्याचं लग्न नळदुर्गला लागलं अशी इथली कथा. वर्षातले बरेचसे महिने देव अणदूरला राहतो, दीड-दोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव हलवताना दोन्ही गावची मंडळी लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामाचा कागद होतो, सह्या होतात! यात विनोद आहे, भाऊबंदकी आहे, समेट आहे, मेंढ्यांमागं हिंडणाऱ्या धनगराच्या देवाचं फिरस्तेपण आहे. 'जय मल्हार'नं त्याला सोन्यानं मढवलं, बाणाईला छान नटवलं, तिच्या गमती रंगवल्या; पण मेंढ्यांचा वास काही पडद्यातून आला नाही.

तुळजापूरची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उठवून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. या मंचकी निद्रेच्या दिवसांत मी देवळात गेलोय. गर्दी असते, पण माणसं बोलतात हळू. झोपलेल्या आईला जाग येऊ नये म्हणून चप्पलसुद्धा जपून काढणारी म्हातारी मी तिथं पाहिली. यापेक्षा मोठं नाट्य कुठला पटकथाकार लिहिणार? मालिकेला मात्र शांतता परवडत नाही. कुणी दार उघडलं तरी ढोल, कुणी वळून बघितलं तरी तीनदा कॅमेरा धावतो. रोजच्या भागाचं गणित मला कळतं, कलाकारांची मेहनतही दिसते. पण आईला घटकाभर झोपू दिलं असतं तर मडक्याला अजून थोडी आच लागली असती. सध्या अर्धं भाजलेलं.

न घडलेली मडकी

देव आले, संत आले. माणसं अजून यायची आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून दमून झोपलेली गावं भूकंपानं गाडली. किल्लारीचं नाव झालं, पण आमच्या लोहारा-उमरग्याकडंही सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. त्यावरचा मनात ठसणारा सिनेमा मला अजून भेटलेला नाही. भूम-वाशी-कळंबकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन ट्रकात बसणारी कुटुंबं, त्यांच्या पोरांच्या अर्ध्यावर सुटलेल्या शाळा. कुंथलगिरीच्या खव्याच्या भट्टीसमोर रात्र काढणारा माणूस. टँकरच्या रांगेत जुळलेली लग्नं. सगळी माती मळून तयार आहे, चाक कुणी फिरवायचं एवढाच प्रश्न.

२०१७ला नाट्यसंमेलन आमच्याकडं झालं, जानेवारी २०२०मध्ये ९३वं साहित्य संमेलन. त्या मांडवाला नाव होतं संत गोरोबाकाका साहित्यनगरी. मांडव उठले, पाहुणे गेले. पण पोरांच्या हातात मोबाइल राहिला. आता तीच पोरं बांधावर उभं राहून आमच्या बोलीत छोटे व्हिडिओ करतायत. दहातले आठ बद्द वाजतात: उसने विनोद, उसना वग. दोन मात्र असे असतात की मी चहा बाजूला ठेवतो.

त्यातल्याच एका पोराला मी तेरच्या बाजारात मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "तुझं मडकं अजून कच्चं आहे, गोरोबाकाकांनी थापटलं असतं." माठ विकत बसलेला कुंभार ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, थापटण्यानं भाजलेलं मडकं कुणी तपासत न्हाय. त्याला बोटाचं पेर बास होतं. थापटणं असतं ओल्या मडक्याला. आतनं दगडी गोळा धरायचा, भायेरनं थापटायचं, मंग ते वाढतंय. गोळा न धरता थापटलं तर बसतंय खाली."

नामदेव त्या थापेनंतर विसोबा खेचरांकडं गेले, आणि त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तेव्हा या दिवाळीत जे बघाल, ऐकाल, वाचाल, त्यावर मत जरूर द्या आणि मोठ्यानं द्या. विकायला आलेलं मडकं पेरानं वाजवून बघा, बद्द असेल तर खुशाल जागेवर ठेवा. पण घरातल्या, गल्लीतल्या पोरानं केलेलं काही दाखवायला आणलं, तर थापटण्याआधी आतून हात धरा.